घरी दोघांनी मिळून इलेक्ट्रॉनिक्स आणि रोबोट शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पती-पत्नी अमळनेरला राहतो. मी माध्यमिक शाळेत गणित शिकविते आणि माझे पती शेतीपंपांच्या मोटारींचे वायंडिंग करतात. रात्रीची जेवणे आटोपल्यावर आम्ही दोघे मिळून छोटी चाकांची गाडी बनवायला, म्हणजेच तिच्या तारा जोडायला आणि तिचा प्रोग्रॅम लिहायला शिकलो. हे समजल्यावर नातेवाईक, शाळेतील सहकारी आणि दुकानावर येणारे शेतकरी पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

तुमच्यापैकी कोणाला तरी हे आधीपासून येत असेलच ना?

तसे नाही. माझ्या पतींना जळालेली मोटर उघडून तिचे वेढे मोजता येतात आणि तारेचा गेज बोटांनी चाचपून सांगता येतो, परंतु त्यांची सारी ओळख शेतीपंपाच्या ४१५ व्होल्टांशी. पहिल्या दिवशी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीवर) करंट आला की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी सवयीने खिशातला टेस्टर काढून पाच व्होल्टच्या तारेला लावला. टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात, त्यामुळे तो पेटला नाही आणि बोर्ड खराब निघाल्याचा निकाल त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकला. माझी स्थिती याहून बरी नव्हती. ओहमचा नियम मी वर्गात अनेक वेळा फळ्यावर सोडविला आहे, पण एलईडीच्या दोन पायांपैकी लांब पाय धन बाजूचा असतो हे मला ठाऊक नव्हते. एकाला हातांची सवय आणि दुसऱ्याला आकड्यांची, एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली. एवढेही नसेल तरी अडत नाही, कारण पहिल्या महिन्यात लागणारे गणित सातवीच्या पुढचे नाही.

सुरुवातीला काय काय विकत घ्यावे?

एक आर्डुइनो उनो (संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम चालविणारा छोटा बोर्ड) किंवा त्याच नकाशावर बनविलेला दुसऱ्या उत्पादकाचा बोर्ड, एक ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, २२० ओहम, १ किलो-ओहम आणि १० किलो-ओहमचे दहा-दहा रेझिस्टर (प्रवाहाला रोध करणारे भाग), काही एलईडी, दोन पुशबटणे आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. एवढ्यावर दीड-दोन महिने आरामात जातात. आर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी, डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना परवडेल असा बोर्ड हवा म्हणून झाली. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला असल्याने स्वस्त प्रती घेण्यात गैर काही नाही, फक्त त्यांपैकी बऱ्याच बोर्डांना संगणकावर सीएच३४० या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे बोर्ड ओळखण्यासाठीचे सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागतो.

मोटारी, चाके आणि सेन्सर पहिल्याच खरेदीत घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. सगळे सामान भरलेला तयार संच घरात आला की दोघांपैकी एक जण थेट गाडी जोडायला बसतो, दुसरा बघत राहतो आणि गाडी चालली नाही तर का चालली नाही हे दोघांनाही कळत नाही.

खान्देशात हे सामान मिळते का?

रेझिस्टर, कपॅसिटर, सोल्डर आणि मल्टिमीटर टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्यांकडे जळगाव, धुळे, भुसावळ येथे मिळून जातात. बोर्ड आणि सेन्सर मात्र आम्ही ऑनलाइन मागवितो, किंवा कोणी पुण्याला वा मुंबईला निघाले तर यादी सोबत देतो. पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सारे मिळते. यादीत वस्तूचा क्रमांक अक्षरशः लिहून द्यावा. ‘मोटर चालवायचा बोर्ड’ एवढेच लिहून दिल्यामुळे आमच्याकडे एकदा पंख्याचा रेग्युलेटर आला होता.

पहिल्या आठवड्यात नेमके काय करावे?

एक एलईडी पेटवावा, पण हिशेब आधी वहीत मांडून मगच पेटवावा. बोर्डाची पिन ५ व्होल्ट देते, लाल एलईडी त्यांतील सुमारे २ व्होल्ट स्वतःवर घेतो, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, आणि ३ भागिले २२० म्हणजे साधारण साडेतेरा मिलिअॅम्पिअर. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअॅम्पिअरपर्यंत प्रवाह घ्यावा आणि ४० ही टोकाची मर्यादा समजावी. रेझिस्टर न लावता एलईडी थेट जोडल्यास तो काही वेळ झगझगीत पेटतो, म्हणून सगळे ठीक आहे असा भ्रम होतो, आणि नंतर एलईडी किंवा पिन, काहीतरी एक जाते.

त्याच आठवड्यात ब्रेडबोर्डही मल्टिमीटरने तपासावा. कंटिन्युइटीच्या (दोन टोके आतून जोडलेली आहेत का हे दाखविणाऱ्या) खुणेवर बटण ठेवून एकेक भोक तपासले की आडव्या ओळीतील पाच-पाच भोके आतून जोडलेली आहेत, मधल्या खाचेपलीकडची जोडलेली नाहीत, आणि काही बोर्डांत कडेच्या लांब पट्ट्याही मध्यावर तुटलेल्या आहेत, हे आपोआप समजते. पतींनी हे काम अर्ध्या तासात केले आणि बोर्डाच्या पाठीवर मार्करने रेघा मारून ठेवल्या. त्या रेघांनी पुढे आमच्या कित्येक रात्री वाचविल्या आहेत.

दोघांनी कामाची वाटणी कशी करावी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि आम्ही सर्वांत जास्त चुकलेला विषय हाच आहे. पहिले दोन महिने आमची वाटणी सरळ होती. तारा, सोल्डरिंग आणि चाके त्यांच्याकडे, तर प्रोग्रॅम माझ्याकडे. काम झपाट्याने होत होते आणि आपण दोघेही शिकत आहोत असे आम्हाला मनापासून वाटत होते.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. मी रिवाजाप्रमाणे चार दिवस माहेरी गेले. गाडी भिंतीजवळ जरा लवकर थांबावी एवढाच बदल त्यांना करायचा होता, म्हणजे प्रोग्रॅममधील अंतराचा २० सेंटिमीटर हा आकडा ३० करायचा होता, परंतु तो आकडा कोणत्या ओळीत आहे हेच त्यांना सापडले नाही. म्हणून त्यांनी अंतर मोजणारा सेन्सर काढून गाडीच्या नाकापासून दहा सेंटिमीटर पुढे बसविला आणि त्यासाठी चार तारा हलविल्या. मी परतल्यावर गाडी सुरू केली तर ती जागच्या जागी गोल फिरू लागली, आणि कोणती तार कोठून कोठे गेली याचा मला काही केल्या उलगडा होईना. दोघांनी मिळून बनविलेली गाडी प्रत्यक्षात दोन परक्या माणसांनी बनविलेली होती.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. ज्याला जे काम येत नाही, हात त्याचे चालतील. ज्याला येते त्याने फक्त तोंडाने सांगायचे आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून बसायचे. हे ऐकायला सोपे आहे. ‘अहो, अर्धविराम राहिला’ असे तिसऱ्यांदा सांगताना कीबोर्ड ओढून घेण्याची इच्छा आवरणे, किंवा मी सोल्डरचा डाग देताना त्यांनी गप्प बसणे, हे प्रत्यक्षात फार कठीण जाते. दर आठवड्याला खुर्च्या बदलतात, आणि वही मात्र दोघांची एकच असते.

त्या वहीचे श्रेय सर्वस्वी त्यांचे आहे. मोटर वायंडिंगला आली की ते खाचा, वेढे आणि तारेचा गेज लिहून ठेवल्याशिवाय जुनी तार कापत नाहीत. तीच पद्धत त्यांनी येथे आणली. वहीत तारीख, पिनचा क्रमांक, तारेचा रंग आणि ती कोठे जाते एवढे चार रकाने आहेत. लाल तार फक्त पाच व्होल्टसाठी आणि काळी फक्त ग्राउंडसाठी (ऋण बाजूसाठी) वापरायची; घरात दुसऱ्या रंगाची तार शिल्लक नसली तरी हा नियम मोडायचा नाही.

इंग्रजी कच्चे असेल तर प्रोग्रॅमिंग जमेल का?

जमेल. रोज लागणारे शब्द वीस-पंचवीस आहेत आणि ते शेकडो वेळा येत असल्याने पाठ होतात. ‘सेटअप’मध्ये लिहिलेले काम बोर्ड सुरू होताना एकदाच होते, ‘लूप’मधले पुन्हा पुन्हा होत राहते, एवढी समज आली की निम्मे काम झाले. अगदीच भीती वाटत असेल तर टिंकरकॅड या मोफत संकेतस्थळावर ठोकळे जोडून प्रोग्रॅम करता येतो आणि बोर्ड विकत न घेताही सर्किट पडद्यावर चालवून पाहता येते. चूक झाल्याचा संदेश लाल अक्षरांत आला की तो वाचावा. बहुतेक जण घाबरून तो बंद करतात, पण चूक कोणत्या ओळीच्या आसपास आहे हे त्यातच लिहिलेले असते.

‘डिले’ वापरू नका असे सगळे का सांगतात?

‘डिले’ म्हणजे बोर्डाला तेवढा वेळ डोळे मिटून बसायला सांगणे. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत जी व्यक्ती गॅससमोरून हलत नाही, तिची तव्यावरची भाकरी करपते. जाणती व्यक्ती घड्याळाकडे एकदा पाहते, भाकरी उलटते, दाराची कडी काढते आणि मधूनमधून किती मिनिटे झाली ते बघते. ‘मिलिस’ हे बोर्डाचे घड्याळ आहे. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते ते सांगते आणि सुमारे ५० दिवसांनी पुन्हा शून्यापासून मोजू लागते. गाडी चालत असताना समोरचा अडथळाही पाहायचा असेल तर घड्याळाचीच पद्धत लागते. मात्र पहिल्या महिन्यात ‘डिले’ खुशाल वापरावा. ज्याची अडचण अजून झालेलीच नाही त्याचे उत्तर आधी शिकून फायदा नाही.

मोटर सुरू होताच बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बोर्ड खराब आहे का?

बहुधा नाही. या एका दोषावर आमचे नऊ दिवस गेले. गाडीला चालण्याचा हुकूम मिळाला की चाके किंचित हलायची, बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मी प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ तपासली आणि दोनदा नव्याने लिहिली.

दहाव्या दिवशी सासूबाई दारात बसून ते लुकलुकणे पाहत होत्या. ‘हाई काय शे?’ असे विचारून त्यांनीच पुढे म्हटले, की शेतात मोटर चालू केली की खोपीतला बल्ब असाच मंद होतो. पतींनी कपाळावर हात मारून घेतला. थांबलेली मोटर सुरू होते त्या क्षणी तिच्यात विरोधी दाब (फिरत्या मोटारीत तयार होणारे उलटे व्होल्ट) तयार झालेला नसतो, म्हणून ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, बॅटरीचा दाब खाली बसतो, आणि त्याच बॅटरीवर चालणारा बोर्ड तेवढ्या दाबावर तग धरू शकत नाही. ही गोष्ट ते गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतात. हातभर लांबीच्या खेळण्यातही तेच घडत असेल असे त्यांच्या मनात आले नव्हते, एवढेच.

उपाय असे आहेत. मोटारींना आणि बोर्डाला वेगवेगळा पुरवठा द्यावा, पण दोन्हींचे ग्राउंड एकमेकांना जोडावे, कारण ते न जोडल्यास बोर्डाचा इशारा मोटर ड्रायव्हरला, म्हणजे मोटारींना प्रवाह पुरविणाऱ्या वेगळ्या बोर्डाला, समजत नाही. पुरवठ्यावर ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांमध्ये ‘१०४’ असा आकडा छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करावा, आणि वेग एकदम पूर्ण न देता टप्प्याटप्प्याने वाढवावा. मोटर कधीही बोर्डाच्या पिनेला थेट जोडू नये.

गाडीला कोणती बॅटरी लावावी?

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावू नये. व्होल्ट जास्त दिसतात म्हणून सगळे तीच आणतात, पण दोन मोटारींचा प्रवाह देण्याची तिची कुवत नसते आणि ती लवकरच मान टाकते. आम्ही १८६५० या मापाचे दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडतो, म्हणजे साधारण ७.४ व्होल्ट मिळतात. एल२९८एन या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे गाडीच्या पिवळ्या बीओ मोटारींना (गिअर असलेल्या छोट्या मोटारींना) हवे तेवढेच शिल्लक राहतात.

लिथियम सेलबाबत मात्र हयगय चालत नाही. पूर्ण भरल्यावर एक सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि ३ व्होल्टच्या खाली तो उतरू देऊ नये. चार्जर लिथियमसाठीचाच हवा, सेलवर थेट सोल्डरिंग करू नये आणि सुटे सेल किल्ल्यांच्या खिशात ठेवू नयेत. आपल्याकडे आणखी एक पथ्य आहे. हे सेल साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच्या तापमानातच चार्ज करावयाचे असतात, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतले दुपारचे तापमान त्यापुढे जाते. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग रात्री, डोळ्यांसमोर आणि फरशीवर करावे. स्कूटरच्या डिकीत सेल विसरू नयेत.

अंतर मोजणारा सेन्सर उन्हाळ्यात चुकीचे आकडे का दाखवितो?

एचसी-एसआर०४ हा सेन्सर अंतर मोजतच नाही. आवाज जाऊन परत यायला लागलेला वेळ तो मोजतो आणि त्या वेळावरून अंतर आपण काढतो. बहुतेक तयार प्रोग्रॅमांमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो, तो २० अंश तापमानाचा. हवा तापली की आवाज अधिक वेगाने जातो. ३३१.३ मध्ये तापमानाच्या ०.६०६ पट मिळविले की त्या हवेतील वेग मिळतो. ४४ अंशांना तो ३५८ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे बरोबर १०० सेंटिमीटरवर असलेली भिंत सेन्सरला सुमारे ९६ वर दिसते. पौषातल्या पहाटे १० अंशांवर तीच भिंत जवळजवळ १०२ वर जाते.

भिंतीला टेपने खूण करून आम्ही हे दोन्ही ऋतूंत मोजले. नववीच्या वर्गात ध्वनीचा धडा शिकविताना मी आता हेच उदाहरण देते. गाडी नुसती धडक टाळण्यासाठी असेल तर चार सेंटिमीटरांनी काही बिघडत नाही. पाण्याच्या टाकीची पातळी मोजायची असेल तर तापमानाचा सेन्सर सोबत लावून वेग दर वेळी नव्याने काढावा. सुकत टाकलेली गोधडी आवाज शोषून घेते आणि तिरकी फळी तो दुसरीकडे परतवते, हेही लक्षात ठेवावे. आमची गाडी गोधडीत अनेकदा शिरली आहे.

काळ्या रेषेवर चालणारी गाडी रात्री नीट चालते आणि दिवसा भरकटते. असे का?

रेषा ओळखणारा सेन्सर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशावर चालतो. उन्हातही इन्फ्रारेड किरण असतात आणि सेन्सरला स्वतःचा प्रकाश कोणता व उन्हाचा कोणता हे ओळखता येत नाही. सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा करावा, तो जमिनीपासून सेंटिमीटरभर उंचीवर ठेवावा आणि ज्या जागी गाडी चालवायची तिथेच त्याचा स्क्रू फिरवून जुळवणी करावी.

सोल्डरिंग घरात करणे सुरक्षित आहे का?

खिडकीजवळ, स्वयंपाकघराबाहेर आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी केल्यास हरकत नाही. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, त्यामुळे काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. जो धूर दिसतो तो फ्लक्सचा असतो. त्यावर वाकून बसू नये.

बोर्डाला जोडायच्या रिलेने (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचने) शेतातला पंप चालू-बंद करता येईल का?

या छंदाच्या रिलेने करू नये. हा प्रश्न दुकानावर इतक्या वेळा येतो की पतींनी उत्तर भिंतीवर लिहून ठेवायचे ठरविले आहे. रिलेवर १० अॅम्पिअर असे लिहिलेले असते आणि पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटर पूर्ण भारावर सात-आठच अॅम्पिअर घेते, म्हणून हिशेब जुळल्यासारखा वाटतो. परंतु सुरू होताना तीच मोटर त्याच्या पाच-सहा पट घेते, आणि शिवाय फेज तीन असतात. त्या कामाला स्टार्टर असतो. त्यात हात घालायचा तर परवानाधारक वायरमननेच घालावा. आम्ही शिकताना २३० व्होल्टला हातच लावला नाही.

शेतासाठी करण्याजोगे काम म्हणजे जमिनीतील ओल मोजणे. दोन उघड्या दात्यांचे स्वस्त सेन्सर ओल्या मातीत काही आठवड्यांतच गंजतात, म्हणून उघडा धातू नसलेला, कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्यावा. आपल्या काळ्या जमिनीला वाळल्यावर भेगा पडतात आणि एखादी भेग नेमकी सेन्सरजवळ पडली की तो मातीऐवजी हवा मोजू लागतो. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीजवळ, माती घट्ट दाबून तो बसवावा, आणि कोरड्या व पूर्ण भिजलेल्या आपल्याच मातीचे दोन आकडे आधी वहीत लिहून ठेवावेत.

यावरून भांडणे होतात का?

होतात. बहुतेक वेळा कारण हरवलेली जंपर वायर किंवा न विचारता बदललेली पिन हे असते. चूक कोणाची हे ठरविण्यापूर्वी मल्टिमीटर लावून पाहायचे असे आम्ही ठरविले आहे. त्याला कोणाचीच बाजू घेता येत नाही.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

आठवड्यातून तीन रात्री, एक-एक तास. लग्नसराईत आणि रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत दुकानावर मोटारींची रांग लागते, तेव्हा तेवढाही मिळत नाही. काम अर्धवट सोडताना पुढची पायरी वहीत लिहून ठेवली तर महिन्याभरानेही तिथूनच सुरुवात करता येते.

दोन्ही मोटारींना सारखाच वेग देऊनही गाडी सरळ का जात नाही?

एकाच खोक्यातून निघालेल्या दोन मोटारीही सारख्या नसतात. गिअरचे घर्षण, वेढ्यांचा रोध, चाकाच्या रबराची जाडी यांत थोडा थोडा फरक असतो, आणि तीन मीटर अंतरात तो साचून गाडी पलंगाखाली जाते. फरशीवर खडूची सरळ रेघ मारावी, प्रोग्रॅममध्ये दोन्ही बाजूंना वेगाचा १८० हा आकडा (पूर्ण वेग म्हणजे २५५) देऊन गाडी सोडावी, ती कोणत्या बाजूला वळते ते पाहावे आणि त्या बाजूच्या मोटारीचा आकडा दोन-दोनने वाढवीत न्यावा. बॅटरी उतरली की हा हिशेब थोडा बदलतो, म्हणून मोजणी भरलेल्या सेलवर करावी. पुढे कधी चाकांना एन्कोडर लावले तर बोर्ड स्वतःच फेरे मोजून हे काम करू शकतो. आमच्या गाडीच्या पोटावर पतींनी मार्करने लिहून ठेवले आहे : डावी १८०, उजवी १९३. गेल्या महिन्यात उजवे चाक नवे बसविल्यानंतर मी ते १९३ खोडून १८७ केले आहे.